अनुबोधपटातून लोकशाहीचा पाठ : वुहान येथील एका वर्गाची निवडणूक

प्राथमिक शाळेत नागरिकशास्त्र शिकविताना एक अडचण नेहमी जाणवते. त्या विषयातील शब्द मुलांना लवकर पाठ होतात. पण शब्दामागील वस्तू मात्र त्यांच्या अनुभवास येत नाही. 'लोकशाही म्हणजे लोकांचे राज्य' हे वाक्य पाचवीतील मूल न अडखळता म्हणते. तथापि दुपारच्या सुट्टीत कबड्डीचा संघ निवडावयाचा झाला की, ज्याचा आवाज मोठा त्याचेच चालते. परदेशांच्या माहितीचेही असेच होते. चीन म्हटले की मोठी भिंत, रेशीम, चहा आणि प्रचंड लोकसंख्या एवढे चार शब्द मुलांच्या मनात उभे राहतात. त्या देशात आपल्याएवढी मुले आहेत, ती शाळेत जातात, भांडतात, रडतात आणि त्यांच्याही आया त्यांचा अभ्यास घेतात, ही गोष्ट पाठ्यपुस्तकातील परिच्छेदातून क्वचितच उतरते.

या दोन्ही उणिवा एकाच साधनाने भरून काढता येतील काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. ते साधन म्हणजे अनुबोधपट, ज्यास आज माहितीपट असेही म्हणतात. आपल्याकडे हे साधन नवे नाही. भारत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनची स्थापना १९४८ साली झाली आणि पुढे कित्येक वर्षे चित्रपटगृहांत मुख्य खेळापूर्वी तिचे अनुबोधपट दाखविले जात. फरक एवढाच की, त्या काळी पडदा गावाबाहेरून येत असे. आज अनेक जिल्हा परिषद शाळांत दूरदर्शन संच अथवा प्रक्षेपक वर्गातच आहे. साधन हाती आले, आता ते कसे वापरावे एवढाच प्रश्न उरतो.

अनुबोधपटाचा परिचय

'प्लीज व्होट फॉर मी', म्हणजे 'कृपया मला मत द्या', हा सुमारे एक तासाचा अनुबोधपट चेन वेइजुन या चिनी दिग्दर्शकाने तयार केला. 'लोकशाही कशासाठी?' या प्रश्नाभोवती निरनिराळ्या देशांतील दिग्दर्शकांनी केलेल्या दहा अनुबोधपटांची एक माला २००७ साली प्रदर्शित झाली. तीत चीनमधून आलेला हा पट होय.

कथानक म्हणाल तर अगदी लहान आहे. वुहान शहरातील एका प्राथमिक शाळेच्या तिसरीच्या वर्गात वर्गनायकाची निवड व्हावयाची आहे. आजवर वर्गनायक शिक्षक नेमीत असत. या वेळी प्रथमच मुलांनी मत देऊन तो निवडावयाचा आहे. शिक्षक तीन उमेदवार ठरवितात : दोन मुलगे व एक मुलगी. प्रत्येकास दोन साहाय्यक घेण्याची मुभा आहे. कलागुणांचे दर्शन, एकमेकांशी वादविवाद आणि शेवटी भाषण, अशा तीन पायऱ्या पार केल्यावर मतदान होते.

एक मुलगा पूर्वीपासून वर्गनायक आहे. तो वर्ग शिस्तीत ठेवतो, परंतु त्यासाठी मुलांना मारतो, अशी वर्गाची तक्रार आहे. दुसरा मुलगा बोलका आणि डावपेचांत हुशार आहे. तिसरी उमेदवार मुलगी स्वभावाने हळवी असून आपल्या आईबरोबर राहते. तिन्ही घरांतील वडीलधारी माणसे हळूहळू या निवडणुकीत उतरतात. भाषण लिहून देणे, ते घोकून घेणे, प्रतिस्पर्ध्याचे दोष कसे काढावेत हे शिकविणे, हे सर्व रात्री दिव्याखाली चालते. अखेर निकाल लागतो. तो कोणता हे येथे पुढे येणार आहे. परंतु वर्गात मात्र तो आधी सांगू नये.

या मुलांची नावे पटात येतात. लेखात ती मुद्दाम घेतलेली नाहीत व वर्गातही चर्चेच्या वेळी 'पहिला उमेदवार', 'दुसरा उमेदवार', 'ती मुलगी' असेच म्हणावे. ती कल्पित पात्रे नसून खरीखुरी मुले होती आणि आज ती मोठी झालेली आहेत. आठव्या वर्षी कोणी केलेल्या चुकीवरून त्याचे नाव दूरदेशीच्या वर्गात थट्टेचा विषय व्हावे, हे योग्य नव्हे. अनुबोधपट पाहण्याचा हा पहिला शिष्टाचार मुलांना येथेच शिकविता येतो.

पट दाखविण्यापूर्वी सांगावयाची चीनची माहिती

पूर्वतयारीवाचून पट दाखविल्यास मुले केवळ चेहऱ्यांस आणि पोशाखांस हसतील. यास्तव आदल्या दिवशी एक तासिका पुढील माहितीसाठी द्यावी. सर्व माहिती एकाच वेळी सांगण्याची आवश्यकता नाही. आपल्या वर्गास रुचेल ती निवडावी.

पहिली गोष्ट स्थळाची. वुहान हे हुबेइ प्रांताच्या राजधानीचे शहर, यांगत्से व हान या नद्यांच्या संगमावर वसलेले. वुचांग, हांकौ आणि हान्यांग ही तीन जुनी नगरे मिळून ते झाले आहे. याच वुचांगमध्ये १० ऑक्टोबर १९११ रोजी सैनिकांचा उठाव झाला, त्याची लाट देशभर पसरली आणि १९१२ च्या प्रारंभी चीनमधील सम्राटांची राजवट संपून प्रजासत्ताक आले. ज्या शहरात राजसत्तेच्या शेवटास आरंभ झाला, त्याच शहरातील आठ वर्षांची मुले सुमारे एका शतकानंतर 'मत म्हणजे काय' असे विचारीत आहेत, ही गोष्ट वरच्या वर्गातील मुलांना विचार करावयास लावील.

या शहराशी महाराष्ट्राचाही एक धागा जुळलेला आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून युद्धग्रस्त चीनला गेले. या पथकाने प्रारंभीच्या काळात हांकौ येथे जखमींची शुश्रूषा केली व पुढे ते उत्तरेकडे गेले. डॉ. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच निवर्तले. तेथे आजही त्यांचे स्मरण केले जाते. नकाशावर सोलापूर आणि वुहान ही दोन ठिकाणे मुलांकडून दाखवून घेतली की, पडद्यावरचे शहर त्यांना तितकेसे परके वाटणार नाही.

दुसरी गोष्ट शब्दाची. चिनी भाषेत लोकशाहीस 'मिन्चू' म्हणतात. 'मिन्' म्हणजे लोक आणि 'चू' म्हणजे धनी. गंमत अशी की, प्राचीन चिनी ग्रंथांत हाच शब्द 'लोकांचा धनी', म्हणजे राजा, या अर्थी येतो. आधुनिक काळात त्याचा अर्थ फिरला आणि 'लोक हेच धनी' असा झाला. १९१९ च्या सुमारास चिनी विद्यार्थी व लेखक लोकशाही आणि विज्ञान यांना माणसांप्रमाणे आदराने संबोधून, आपल्या देशास या दोन गृहस्थांची गरज आहे, असे म्हणत. आपल्या शब्दाचाही प्रवास पाहण्याजोगा आहे. आदिलशाही, निजामशाही, कुतुबशाही या शब्दांतील 'शाही' राजाची. तीच पुढे 'लोक' या शब्दास जोडली गेली. दोन्ही भाषांनी राजाच्या अंगावरचे वस्त्र काढून लोकांच्या अंगावर घातले. फळ्यावर हे शब्द एकाखाली एक लिहून दाखवावेत. मुलांना व्याख्येपेक्षा हे अधिक काळ लक्षात राहील.

तिसरी गोष्ट वर्गनायकाची. चिनी शाळेत वर्गनायकास 'बान्चांग' म्हणतात आणि त्याच्या हाताखाली निरनिराळ्या कामांचे लहान अधिकारीही असतात. शिक्षकांच्या अनुपस्थितीत वर्ग सांभाळणे, सूचना देणे, खोडकर मुलांची नोंद करणे ही त्याची कामे. आपल्याकडील वर्गनायकही बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहितोच. तेव्हा ही संस्था मुलांना ओळखीची आहे.

चौथी गोष्ट घराची. १९८० पासून चीनमध्ये बहुतेक शहरी कुटुंबांस एकच अपत्य असावे असा नियम होता. तो २०१६ पासून राहिलेला नाही. ज्या काळातील हा पट आहे, त्या काळी एका मुलामागे आई, वडील आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा अशी सहा माणसे असत. या सहाजणांची सारी आशा एकाच लेकरावर केंद्रित होई. अशा लाडावलेल्या मुलांस चिनी लोक विनोदाने 'छोटे सम्राट' म्हणत. वर्गनायकाच्या साध्या निवडणुकीसाठी आईवडील एवढे का झटतात, याचे उत्तर बरेचसे येथे आहे. या माहितीवाचून मुले त्या आईबापांस केवळ हावरट समजतील, आणि ते अन्यायाचे होईल.

पाचवी गोष्ट सणाची. निवडणुकीच्या अखेरीस मध्य-शरद सणाचा उल्लेख येतो. चिनी पंचांगातील आठव्या महिन्याची पौर्णिमा हा त्याचा दिवस. त्या रात्री घरची माणसे एकत्र जमतात, पूर्ण चंद्र पाहतात आणि गोल आकाराच्या गोड वड्या वाटून खातात. आपल्या पंचांगाप्रमाणे ही पौर्णिमा काही वर्षी भाद्रपदात तर काही वर्षी आश्विनात येते. म्हणजे कधी कधी चीनमधील तो सण आणि आपली कोजागरी एकाच चंद्राखाली साजरी होते. चांदण्यात मसाला दूध पिणाऱ्या मुलांना ही गोष्ट सांगावी. संस्कृतीचा परिचय याहून सोप्या रीतीने करून देता येणार नाही.

दाखविण्याची रीत

पटातील संभाषण चिनी भाषेत आहे आणि खाली इंग्रजी ओळी येतात. ग्रामीण प्राथमिक शाळेतील मुलांना त्या वाचता येणार नाहीत. म्हणून शिक्षकाने पट निदान दोन वेळा आधी पाहून मुख्य संभाषणाचे मराठी टिपण तयार करावे व दाखविताना ते शांतपणे सांगावे. प्रत्येक वाक्य सांगण्याचा हव्यास नको. मुलगी रडते, बाप चिडतो, मुलगा मान खाली घालतो, यास भाषांतराची गरज नसते. अशा ठिकाणी शिक्षकाने गप्प राहावे.

सलग एक तास मुले बसणार नाहीत. दोन तासिकांत पट पुरा करावा आणि तिसरी तासिका चर्चेस ठेवावी. सहावी ते आठवीच्या वर्गांस तो अधिक मानवेल. पाचवीस दाखविल्यास थांबे वाढवावेत. पट थांबविण्याच्या चार जागा पुढे सुचविल्या आहेत.

पहिला थांबा : उमेदवार कोणी ठरविले? तिघांची नावे जाहीर होताच पट थांबवावा आणि विचारावे, 'या तिघांना कोणी निवडले?' बहुतेक मुले 'वर्गाने' असे उत्तर देतील; कारण निवडणूक म्हटली की सर्व काही मतदार करतात, अशी त्यांची समजूत असते. प्रत्यक्षात तिघेही शिक्षकांनी ठरविलेले आहेत. मग पुढचा प्रश्न : 'चौथ्या मुलास उभे राहावयाचे असते तर?' मत देण्याचा हक्क आणि उभे राहण्याचा हक्क हे दोन वेगळे हक्क आहेत, ही गोष्ट येथे एका प्रश्नात स्पष्ट होते. आपल्या ग्रामपंचायतीत मतदार अठराव्या वर्षी होतो, उमेदवार मात्र एकविसाव्या वर्षी, हेही येथेच सांगावे. चीनमध्येही गावपातळीवर निवडणूक होते. १९९८ च्या कायद्यान्वये ग्रामसमितीचे उमेदवार गावकऱ्यांनीच सुचवावेत, जागांपेक्षा उमेदवार अधिक असावेत आणि मतदान गुप्त असावे, असे ठरले. मात्र वरच्या पातळीवरील लोकसभांचे प्रतिनिधी तेथे थेट जनतेच्या मताने निवडले जात नाहीत. खालच्या सभा वरच्या सभांचे प्रतिनिधी निवडतात, आणि सत्ता एकाच पक्षाच्या नेतृत्वाखाली असते. हा भेद निंदेचा सूर न लावता, वस्तुस्थिती म्हणून सांगावा.

दुसरा थांबा : ती मुलगी रडते. ही या पटातील सर्वांत महत्त्वाची जागा होय. कलागुणांच्या दिवशी ती मुलगी पुढे येते, परंतु प्रतिस्पर्ध्याच्या चिथावणीने वर्गात तिच्याविरुद्ध ओरडा सुरू होतो आणि तिला रडू कोसळते. पाहणाऱ्या वर्गातही या ठिकाणी हशा पिकण्याचा संभव असतो. तो पिकल्यास शिक्षकाने रागावू नये. पट थांबवून थोडा वेळ शांत राहावे. मग विचारावे, 'ओरडणाऱ्यांतील प्रत्येकास ती खरोखर नकोशी होती काय? की शेजारचा ओरडला म्हणून आपण ओरडलो?' आणि नंतर, 'त्या क्षणी एखादे मूल उठून "तिला बोलू द्या" म्हणाले असते तर काय झाले असते?'

बहुमताचे राज्य हे लोकशाहीचे अर्धेच वर्णन आहे. उरलेले अर्धे असे की, ज्याच्या बाजूस बहुमत नाही त्यासही आपले म्हणणे पुरे होईपर्यंत बोलता आले पाहिजे. हे वाक्य फळ्यावर लिहून पाठ करून घेण्यापेक्षा त्या मुलीचा चेहरा पाहिलेल्या मुलाकडून ते काढून घेणे अधिक मोलाचे आहे. आपल्या वर्गातही असे एखादे मूल असतेच. तोतरे बोलणारे, वाडीवरून येणारे, वेगळी बोली बोलणारे, ज्याने तोंड उघडताच खसखस पिकते. त्या मुलाचे नाव न घेता शिक्षकाने हा धडा त्याच्यासाठी द्यावयाचा आहे.

तिसरा थांबा : आगगाडीची सहल. पूर्वीच्या वर्गनायकास प्रारंभी आईवडिलांची मदत नको असते. मी माझ्या बळावर निवडून येईन, असे तो म्हणतो. पुढे हार दिसू लागते, त्याचा धीर सुटतो आणि माघार घेण्याची भाषा सुरू होते. त्याचे आईवडील पोलीस खात्यात आहेत. त्यांच्या साह्याने साऱ्या वर्गास शहरातील नव्या उन्नत रेल्वेतून सैर घडते. मुले हरखून जातात आणि वर्गाचा कल पालटू लागतो.

येथे 'ही लाच आहे काय?' असा प्रश्न सरळ विचारू नये, कारण मुले शिक्षकास हवे असलेले उत्तर देऊन मोकळी होतील. 'तुम्ही त्या गाडीत बसला असता तर कोणास मत दिले असते?' असे विचारावे. प्रामाणिक उत्तरे येतील आणि त्यांतूनच पुढील चर्चा उमलेल. आपल्याकडे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने मतासाठी मतदारास भेटवस्तू देणे हे भ्रष्ट आचरण ठरविले आहे, हे शेवटी सांगावे. कायद्यास असे का लिहावे लागले, हे मुलांना तोवर स्वतःच्या मनावरून उमगलेले असेल.

चौथा थांबा : मतमोजणीपूर्वी. भाषणे संपतात. पूर्वीचा वर्गनायक भाषणाच्या शेवटी सणानिमित्त साऱ्या वर्गास लहानशी भेट देतो. येथे पट थांबवून आपल्या वर्गात गुप्त मतदान घ्यावे. कागदाच्या लहान चिठ्ठ्या वाटाव्यात, 'पहिला', 'दुसरा' किंवा 'तिसरी' एवढेच लिहावे आणि चिठ्ठ्या खोक्यात टाकाव्यात. मोजणी चिनी पद्धतीने करावी. आपण चार उभ्या रेघा काढून पाचवी आडवी मारतो; चिनी लोक मते मोजताना पाच रेघांचे एक अक्षर पुरे करतात. त्यात तीन रेघा आडव्या व दोन उभ्या असतात आणि त्या अक्षराचा अर्थ 'सरळ, योग्य' असा आहे. प्रत्येक मतास एक रेघ. अक्षर पुरे झाले की पाच मते. मुले हे अक्षर आवडीने गिरवतील.

मतदानाची साधने सांगताना आणखी एक साम्य सांगण्याजोगे आहे. १९३० ते १९५० च्या दरम्यान चीनच्या काही ग्रामीण भागांत निरक्षर शेतकरी कडधान्याच्या दाण्यांनी मतदान करीत. उमेदवार पाठमोरे बसत, प्रत्येकाच्या मागे एक वाडगा असे, आणि मतदार आपल्या पसंतीच्या वाडग्यात दाणा टाकी. आपल्या देशात १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवारासाठी चिन्ह लावलेली वेगळी पेटी ठेवली होती. अक्षर न येणाऱ्या माणसालाही मत असते आणि ते देण्याची वाट काढता येते, हा विचार दोन्ही ठिकाणी दिसतो.

निकाल आणि त्यानंतरचा प्रश्न

निवडून येतो तो पूर्वीचाच वर्गनायक, आणि तोही मोठ्या मताधिक्याने. आपल्या वर्गाचा कौल बहुधा वेगळा असेल, आणि मुले विचारतील, 'गुरुजी, जो मारतो त्यालाच त्यांनी का निवडले?'

या प्रश्नाचे घाईने उत्तर देऊ नये. दोन सोपी उत्तरे जवळच पडलेली असतात आणि दोन्ही घातक आहेत. एक, 'चीनमधील मुलांना लोकशाही कळत नाही'. हे उत्तर मुलांच्या मनात विनाकारण गर्व भरते आणि खरेही नाही. सहल, भेट, ओरडा, घरच्यांचा डावपेच यांपैकी आपल्या गावच्या निवडणुकीत अपरिचित असे काय आहे? दुसरे उत्तर, 'निवडणूक म्हणजे असलाच खेळ; त्यापेक्षा गुरुजींनी नेमलेले बरे'. हे उत्तर अधिक घातक, कारण ते मुलांस आयुष्यभरासाठी उदासीन करते.

शिक्षकाने मुलांना मागे न्यावे. मारण्याचा अधिकार त्या मुलास कोठून मिळाला? आठ वर्षांचे मूल तो जन्मतः घेऊन येत नाही. वर्ग शांत ठेव, एवढीच आज्ञा त्यास वडीलधाऱ्यांनी दिली. कसा ठेवावा हे सांगितले नाही आणि त्याने हात उगारला तेव्हा आवरले नाही. वर्गनायकाच्या हातातील छडी ही मुळात मोठ्यांचीच असते. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांना शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे. जी गोष्ट शिक्षकास वर्ज्य, ती वर्गनायकास कशी मोकळी राहील? निवडणूक कोणाची हे पाहण्याइतकेच, निवडलेल्यास काय करता येईल आणि काय करता येणार नाही हे आधी ठरविणे महत्त्वाचे आहे. राष्ट्राच्या कारभारात हे काम संविधान करते. वर्गात ते चार ओळींचा एक कागद करू शकतो.

म्हणजे या पटातून शिकावयाचे ते हे की, मतदान हा लोकशाहीचा एक दिवस आहे. त्याच्या आधीचे आणि नंतरचे दिवस नीट नसतील तर तो एक दिवस एकटा फारसे काही करू शकत नाही. उमेदवारीची मोकळीक, सर्वांना बोलू देण्याची सवय, आमिषाला नकार, अधिकाराला मर्यादा आणि पुढच्या वेळी निवड बदलण्याची संधी, ही पाच बोटे मिळून मूठ होते.

स्वतःच्या वर्गातील प्रयोग

पट पाहून झाल्यावर आठवड्याच्या आत आपल्या वर्गात वर्गनायकाची अथवा शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक घ्यावी, म्हणजे पाहिलेले हातून घडेल. पुढील सूचना उपयोगी पडतील.

१. निवडणुकीपूर्वी बालसभेत वर्गनायकाची कामे आणि मर्यादा मुलांकडून ठरवून घ्याव्यात व त्यांचा कागद भिंतीवर लावावा. 'वर्गनायक कोणास मारणार नाही' ही ओळ त्यात मुलांनी आपण होऊन घातली, तर पट दाखविण्याचे सार्थक झाले असे समजावे.

२. उमेदवारी सर्वांस खुली असावी. शिक्षकांनी नावे सुचवू नयेत. मुलींनी नावे न दिल्यास आदल्या दिवशी त्यांच्याशी स्वतंत्रपणे बोलावे. त्यांस संकोच वाटतो की कोणी अडवीत आहे, हे जाणून घ्यावे.

३. प्रत्येक उमेदवारास दोन मिनिटे बोलू द्यावे. मध्ये कोणी ओरडल्यास घड्याळ थांबवून ती दोन मिनिटे पुन्हा प्रथमपासून द्यावीत. या एका नियमाने पुष्कळ गोष्टी आपोआप सुधारतात.

४. गोळ्या, पेन्सिली, खाऊ वाटण्यास मनाई असावी आणि ती का आहे हे मुलांनीच सांगावे.

५. मतदान गुप्त व मोजणी सर्वांसमक्ष असावी. मोजणीचे काम उमेदवार नसलेल्या मुलांकडे द्यावे.

६. मुदत तीन महिन्यांची असावी. वर्षभराची मुदत मुलांना फार मोठी वाटते. तीन महिन्यांनी पुन्हा मत देता येते हे कळले की, हरलेलाही रुसत नाही आणि जिंकलेलाही माजत नाही.

७. हरलेल्या उमेदवारांस वाचनालय, परसबाग, पोषण आहाराची पंगत यांपैकी एखादे काम विचारून द्यावे. हरलेल्या माणसाचीही गावास गरज असते, हा संस्कार लहानपणी व्हावा.

काही खबरदारी

चर्चा रंगली की मुले गावातील निवडणुकीची उदाहरणे देऊ लागतात. वर्गात निवडून आलेल्या पॅनेलची मुले असतात, तशीच पडलेल्या पॅनेलचीही असतात. अशा वेळी गावातील व्यक्तींची व घराण्यांची नावे घेऊ देऊ नयेत. 'एका गावात असे झाले' एवढ्यावर बोलणे ठेवावे. अन्यथा वर्गातील चर्चा संध्याकाळी पारावर पोहोचते आणि दुसऱ्या दिवशी शिक्षकास निस्तरावी लागते.

तसेच, अनुबोधपट हा खराखुरा असला तरी पुरा नसतो, हे मुलांना अवश्य सांगावे. कॅमेरा जेथे होता तेवढेच आपणास दिसते. जे टिपले त्यातूनही दिग्दर्शकाने निवड केलेली असते. हा पट एका शहरातील, एका शाळेतील, एका वर्गाचा, २००७ च्या सुमाराचा आहे. एवढ्यावरून साऱ्या चीनविषयी मत बनविणे म्हणजे आपल्या वर्गातील एका भांडणावरून साऱ्या महाराष्ट्राविषयी मत बनविण्यासारखे होय. 'कॅमेरा आपल्या वर्गात आठवडाभर ठेवला असता तर जगास काय दिसले असते?' हा प्रश्न गृहपाठ म्हणून द्यावा. उत्तरे दहा ओळींत लिहून आणावयास सांगावीत व ती मोठ्याने न वाचता शिक्षकाने स्वतःच वाचावीत. पाठ्यपुस्तकाच्या उत्तरांपेक्षा त्यांतून वर्गाची खरी ओळख होईल.

दूरच्या देशातील मुलांकडे पाहता पाहता आपल्या वर्गाकडे पाहण्याची दृष्टी येणे, हे या साधनाचे खरे फळ आहे. ज्या वर्गात पाठीमागच्या ओळीतील मूल बोलावयास उभे राहते आणि त्याचे बोलणे संपेपर्यंत बाकीचे थांबतात, त्या वर्गास लोकशाहीची व्याख्या वेगळी शिकवावी लागणार नाही.